वीस होड्या, एक लाख बाण

श्रोतेहो, नमस्कार. 'तीन राज्यांची कथा' ही चिनी कादंबरी चौदाव्या शतकातल्या ल्वो ग्वानचोंगच्या नावावर आहे. एकशेवीस प्रकरणं, हान साम्राज्याच्या पडझडीपासून सन २८० पर्यंतचा काळ. पण आज ऐकायचंय ते ४६वं प्रकरण.

साल २०८. यांगत्से नदीच्या एका तीरावर त्साओ त्साओची अफाट फौज, दुसऱ्या तीरावर सेनापती चौ यू आणि त्याच्या मदतीला आलेला झूगे लियांग. चौ यूला हा हुशार पाहुणा डोळ्यांत सलतो. तो म्हणतो, "दहा दिवसांत एक लाख बाण द्या." कारागिरांना मात्र गुपचूप बजावतो, काम रेंगाळू द्या. झूगे लियांग म्हणतो, "दहा कशाला? तीन दिवस पुरेत." आणि चुकलो तर शिक्षा कबूल, असं लिहून देतो!

मग तो चौ यूच्याच बाजूच्या लू सू या सल्लागाराकडून वीस होड्या मागून घेतो. प्रत्येकीवर तीस माणसं, गडद कापडाचे पडदे, दोन्ही कडांना हजारावर पेंढ्या. दोन दिवस काहीच हालचाल नाही. तिसऱ्या रात्री नदीवर दाट धुकं. होड्या दोराने एकमेकींना बांधून शत्रूच्या तळासमोर आडव्या लावल्या आणि नगारे बडवले. धुक्यात दबा धरलेला असेल म्हणून त्साओ त्साओ बाहेर पडेना. त्याने दहा हजार तिरंदाज उभे केले. एक बाजू बाणांनी भरली, की होड्या फिरवल्या, दुसरीही भरली. ऊन चढताच परत! दर होडीत पाच-सहा हजार बाण, होड्या वीस. करा हिशेब.

गोष्ट सांगताना आकडे गाळू नयेत, मुलांना सांगताना तर मुळीच नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि लू सूला भोळा म्हणून हसतात, ते मला पटत नाही. चौ यूला कळू न देता होड्या त्यानेच दिल्या.

आता नीट ऐका: इतिहासात झूगे लियांगने हे केलेलंच नाही. इतिहासग्रंथावरच्या जुन्या टीपांत अशी हकीगत आहे ती चौ यूचा स्वामी सुन च्वान याची. बाणांच्या भाराने त्याची नाव कलली, म्हणून तोल साधायला त्याने ती फिरवली. पुन्हा सांगतो, तोल साधायला. कादंबरीने त्या अपघाताची युक्ती केली, श्रेय झूगे लियांगला दिलं, आणि चीनमध्ये लोकांच्या तोंडी हीच गोष्ट राहिली.

त्साओ त्साओचंही तेच. तो खरोखरीचा मोठा कवी. बीजिंग ऑपेरा या चिनी संगीत नाट्यात मात्र कपटी म्हणून पांढऱ्या रंगवलेल्या चेहऱ्याने येतो. याच कादंबरीतला लाल चेहऱ्याचा एकनिष्ठ योद्धा ग्वान यू तर देवच झाला. मुंबईत माझगावच्या चिनी देवळात त्याची आजही पूजा होते.