छातीवरचा मुका मार

श्रोतेहो, नमस्कार.

रक्त नाही, जखम नाही, मग काय, मुका मार! आंबेहळद उगाळून लावायची, शेक द्यायचा, दोन दिवस आराम करायचा. गुडघ्याला, पाठीला हे चालून जातं. पण छातीच्या मधोमध बसलेला मुका मार असा घरच्या घरी काढू नका. त्या मधल्या हाडाच्या अगदी मागे हृदयाचा उजवा कप्पा असतो. तो फटका थेट तिथे पोचतो.

एकदा पहाटे आमच्याकडे एक टेम्पोचालक आले. पुलाच्या कठड्याला गाडी धडकली होती, सीटबेल्ट लावलेला नव्हता. स्वतःच्या पायांनी चालत आले आणि म्हणाले, "डॉक्टर, बरगडी दुखतीय, गोळी द्या, माल पोचवायचाय." शर्ट उघडला तर छातीवर स्टेअरिंगचा लालसर अर्धगोल उमटलेला. ईसीजीत ठोके मधूनच चुकत होते, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन हे प्रथिन वाढलेलं होतं. हृदयाचा स्नायू ठेचला गेला होता. त्यांना मॉनिटरवर ठेवलं आणि चौथ्या दिवशी घरी सोडलं. ते गोळी घेऊन निघून गेले असते तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

कधी हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचतं. ती पिशवी चटकन ताणली जात नाही, त्यामुळे पेलाभर रक्तसुद्धा हृदयाला आवळून धरतं. मानेच्या शिरा फुगतात, दरदरून घाम फुटतो, रक्तदाब उतरतो. सोनोग्राफीत हे लगेच दिसतं. म्हणून दवाखान्यात गेल्यावर आधी सांगा, मार छातीवर बसलाय.

आता मुलांविषयी. अमेरिकेत सिनसिनाटीला 2 जानेवारी 2023 रोजी डमार हॅमलिन हा अमेरिकन फुटबॉलचा 24 वर्षांचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या धडकेनंतर उठून उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी कोसळला. त्याच्या हृदयाला जखम झालेली नव्हती. दोन ठोक्यांच्या मध्ये सेकंदाचा एक अगदी बारीक अंश नाजूक असतो. नेमक्या त्या वेळी फटका बसला की हृदय ठोके देणं सोडून नुसतं थरथरत राहतं. मैदानावरच त्याची छाती दाबली, विजेचा झटका दिला. तो वाचला आणि त्याच वर्षी पुन्हा खेळला.

आपल्याकडे असा फटका सीझन बॉलचाही बसू शकतो. मुलांची छाती लवचिक असते, त्यामुळे धोका त्यांना जास्त. मुलगा कोसळला की आपण तोंडावर पाणी मारतो, कांदा हुंगवतो. त्यात जीव वाचवणारी मिनिटं जातात. झटका द्यायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

हाक मारा, हलवून बघा. उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर एकाला 108 लावायला सांगा आणि स्वतः गुडघ्यांवर बसा. तळहात छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. साधारण 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं, प्रत्येक वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. बरगडी मोडेल म्हणून कचरू नका. झटका देणारं एईडी यंत्र काय करायचं ते स्वतः बोलून सांगतं. मोठमोठे करंडक ठेवणाऱ्या प्रत्येक स्पर्धेच्या मैदानावर ते असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. ते येईपर्यंत तुमचे हात चालू राहू द्या. दमलात तर शेजारच्याला बसवा, पण दाबणं थांबवू नका.