दोन उपवास: ॲटलस पतंग आणि खोल समुद्रातला ऑक्टोपस

श्रोतेहो, नमस्कार. पतंग आणि ऑक्टोपस यांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही. तरीही या दोघांतल्या एकेका जातीविषयी मी आज एकत्र बोलणार आहे, कारण आयुष्याच्या अखेरीस या दोन्ही जातींच्या माद्या उपाशी असतात.

दक्षिण आणि आग्नेय आशियातला ॲटलस पतंग पंख पसरले की जवळजवळ वीतभर रुंद भरतो. त्याच्या पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी दिसतात आणि पाहणाऱ्याचे लक्ष बहुधा तिथेच अडकते. मला मात्र त्याचे तोंड अधिक विलक्षण वाटते. कोषातून बाहेर पडलेल्या या पतंगाचे मुखावयव इतके खुरटलेले असतात की त्याला काही खाताच येत नाही. सुरवंट असताना पाने खाऊन जी चरबी साठवली, तिच्यावर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. तेवढ्या अवधीत मादी गंध सोडून नराला बोलावते, अंडी घालते आणि मरते.

ग्रॅनेलेडोन बोरिओपॅसिफिका या ऑक्टोपसची गोष्ट फार लांबते. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे सागरी दरीत, सुमारे १,४०० मीटर खोलीवर, २००७ साली संशोधकांना एक मादी खडकाला चिकटवलेली अंडी अंगाखाली घेऊन बसलेली दिसली. दूरनियंत्रित पाणबुडी घेऊन ते पुनःपुन्हा तिथे गेले, आणि अंगावरच्या व्रणांमुळे ती तीच मादी असल्याचे दर वेळी ओळखता आले. २०११च्या सप्टेंबरातही ती जागेवरच होती. ही राखण ५३ महिन्यांची भरली! एवढ्या काळात तिची कातडी सैल पडली, रंग फिकटला, पण आसपास फिरणाऱ्या खेकड्यांकडे ती ढुंकूनही पाहत नसे. पुढच्या खेपेला खडकावर केवळ अंड्यांची रिकामी कवचे उरली होती.

तिची चोच मात्र शाबूत होती. पतंगाला खाण्याचे साधनच नसते. ऑक्टोपसच्या मादीला साधन असते, पण इच्छा उरत नाही. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की यांनी दुसऱ्या एका जातीच्या, अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांमागील ग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा त्या माद्यांनी अंडी सोडली, त्या पुन्हा शिकार करू लागल्या आणि अधिक काळ जगल्या. ॲटलस पतंगावर असा प्रयोग करून उपयोग नाही, कारण त्याची भूक परत आणली तरी ती भागवायला त्याच्याजवळ तोंड नाही.