न खाता थांबणारं जनावर

मंडळी, बसा बसा, मागे जागा आहे. अजगर पाळण्याचा विषय ऐकून काकी जरा दचकल्यात ते कळतंय मला. माझी आजीपण दिवेलागणीनंतर साप हा शब्द तोंडातून काढायची नाही, जनावर म्हणायची. म्हणजे कोण कुठल्या जनावराबद्दल बोलतंय ते घरात सगळ्यांना बरोबर कळायचं. आज मीपण जमेल तिथे जनावरच म्हणतो.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी या विषयाकडे कसा आलो ते कळेल. 2020 साली माझी दापोली तालुक्यात ब्रॉयलरची शेड होती, बाराशे पक्षी. फेब्रुवारीत कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि रेट पडला तो पडलाच, व्यापारी फोन उचलेना, आणि मग मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला आणि घाटावरनं येणारी खाद्याची गाडीच बंद झाली. पस्तीस दिवसांचे पक्षी होते. या वयात बाराशे पक्ष्यांना दिवसाला जवळजवळ चार गोणी खाद्य लागतं, आणि ते रोज लागतं, उद्या देतो म्हणून चालत नाही. पहिले दोन दिवस घरातली कणी घातली, कोंडा घातला. तिसऱ्या दिवशी पहाटे शेडमध्ये गेलो तर रिकाम्या भांड्यांवर चोची आपटल्याचा टकटक टकटक आवाज, सगळ्या शेडभर, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. संध्याकाळपर्यंत एकमेकांना टोचून रक्त काढायला लागले. निम्मे पक्षी वाडीत फुकट वाटले, बाकीचे खड्ड्यात चुना टाकून पुरावे लागले. मग 3 जूनला निसर्ग वादळ आलं आणि शेडचे पत्रेच घेऊन गेलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. आपण फक्त अशीच जनावरं का पाळतो ज्यांना एक दिवस खाद्य चुकलं तर आपलं सगळं बुडतं?

आणि मग 2024 च्या मार्चमध्ये सापांवर काम करणारे संशोधक डॅनियल नॅटुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास वाचनात आला. थायलंड आणि व्हिएतनाममधल्या दोन फार्मवर त्यांनी 4,601 अजगरांची वर्षभर नोंद ठेवली, जाळीदार अजगर आणि ब्रह्मी, म्हणजे ब्रह्मदेशी, अजगर अशा दोन जातींची. तिकडे लोक साप पूर्वीपासून खातात हे आधी लक्षात घ्या, त्यांनी काही नवीन खूळ काढलेलं नाही. मोठ्या हवेशीर गोदामासारख्या जागा असतात, आठवड्यातून एकदा खायला घालायचं, शेतात पकडलेले उंदीर नाहीतर माशांची भुकटी वगैरे, आणि वर्षभरात जनावर कापायला तयार होतं. चांगलं वाढणारं जनावर दिवसाला 46 ग्रॅमपर्यंत वजन धरतं. मादी वर्षाला 50 ते 100 अंडी घालते.

पण मी जिथे थांबलो ती ओळ वेगळीच होती. काही अजगरांना 20 ते 127 दिवस खायलाच मिळालं नव्हतं. एकशे सत्तावीस दिवस, म्हणजे आपला अख्खा पावसाळा धरा! आणि एवढ्या काळात वजन जवळजवळ उतरलंच नाही, खायला घातलं की वाढ परत सुरू. मी ते दोनदा वाचलं, आणि मला आठवला तो टकटक आवाज.

हे होतं कसं? कोंबडी, बकरी, आपण, आपलं रक्त गरम. चूल चोवीस तास पेटलेली, खाल्लेल्यातला मोठा हिस्सा नुसतं अंग गरम ठेवण्यात जातो. अजगराची चूल बंद असते, ऊन घेतो, सावली घेतो, बाहेरच्या हवेवर काम भागवतो. त्याच्या पोटात भक्ष्य गेलं की मग सगळं आतलं यंत्र जागं होतं, ब्रह्मी अजगराचं हृदय तर मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्याचं मोजलेलं आहे, पचलं की परत बारीक. कामापुरतं यंत्र लावायचं आणि काम झालं की बंद करायचं.

म्हणून हिशोबही तसाच येतो. कोरडं वजन, म्हणजे पाणी वगळून, धरून बघितलं तर एक किलो वाढीला अजगराला सुमारे 1.2 किलो खाद्य लागतं, कोंबडीला 2.8, डुकराला 6, गाईबैलाला 10. पण इथे एक गोष्ट मी स्पष्ट सांगणार, कारण इंटरनेटवर लोक हे आकडे टाकतात आणि पुढचं सांगत नाहीत. कोंबडी मका-सोया खाते. अजगर मांसच खातो. तेव्हा हा हिशोब खरा कधी, तर ते मांस कुणाच्या ताटातलं नसेल तेव्हा, म्हणजे उंदीर, कत्तलखान्यातला उरलेला भाग, कारखान्यातली आतडी-डोकी. आपल्याकडे चिकन सेंटरची पिशवी रात्री पऱ्यात नाहीतर घाटाच्या वळणावर फेकतात, मग तिथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागनं बिबट्या येतो. तिकडे तेच अजगराच्या पोटात घालून त्याचं मांस करतात. ही अक्कल मला आवडली.

आता तुमच्यातला कोणीतरी विचारणारच, मग आपल्याकडे चालू करूया का? नाही. आणि हे मी फक्त कायद्याच्या भीतीने म्हणत नाही. आपला अजगर 1972 च्या वन्यजीव कायद्यात सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत आहे, 2022 च्या दुरुस्तीनंतर धामण, नाग, घोणसपण त्याच यादीत आहेत, पकडणं पाळणं मारणं सगळाच गुन्हा. बरं, बाहेरची जात आणू म्हणाल तर फ्लोरिडाकडे बघा. पाळायला आणलेले ब्रह्मी अजगर तिथल्या दलदलीत सुटले, वाढले, आणि नंतरच्या रस्त्यावरच्या पाहणीत रॅकून दिसण्याचं प्रमाण 99 टक्क्यांनी पडलं. आपल्याकडे मांगूर माशाचं काय झालं ते आठवतंय ना, परदेशी मांगूर पाळायला 2000 सालापासून बंदी आहे तरी कुठे ना कुठे सापडतोच. सह्याद्रीच्या पायथ्याला, जिथे पहिल्याच पावसात कुंपण वाहून जातं, तिथे असलं जनावर आणायचं? मला नाही पटत.

आणि आपला अजगर इथे कामालाच आहे. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या खुराड्यात शिरला होता, जाळीतनं आत आला, कोंबडी गिळली आणि पोट फुगल्यामुळे त्याच भोकातनं बाहेर निघता येईना. अर्धा आत, अर्धा बाहेर. वाडीतली पोरं काठ्या घेऊन जमली. मी म्हटलं थांबा, फोन लावला, सर्पमित्र येईपर्यंत दीड तास त्याच्याजवळ बसून होतो. इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होतो. श्वास इतका सावकाश की दोन श्वासांच्या मधे वाटावं गेला की काय. एवढी माणसं, एवढा आरडाओरडा, आणि त्याला घाई नाही. वनखात्याने रानात सोडला. कोंबडी गेली त्याचं वाईट वाटतंच, शेजारीणकाकी आठ दिवस बोलत होत्या, पण हीच जनावरं आणि धामण भातातले, नारळावरचे उंदीर खातात, आणि उंदीर म्हणजे आपल्याकडे लेप्टोचा ताप, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला सांगायला नको.

मग माझं म्हणणं काय? त्या अभ्यासातनं अजगर घेऊ नका, हिशोब घ्या. न खाता थांबणारी, थंड रक्ताची जनावरं आपल्या खाडीत आहेतच की. खेकडाच घ्या, रायगडात त्याला चिंबोरी म्हणतात, मालवणात कुर्ली. नांग्या दोरीने बांधून ओल्या गोणपाटात ठेवलेली चिंबोरी दोन-तीन दिवस सहज जिवंत राहते, रस्ता बंद असला तरी माल मरत नाही, असं कोंबडीचं होईल का? कालवं, म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपले, तर त्याहून पुढची, त्यांना खाद्यच घालावं लागत नाही, खाडीच्या पाण्यातलं गाळून खातात, वाईट वेळ आली की शिंपला मिटून बसतात. शिणाणे, म्हणजे हिरवे शिंपले, पण तसेच, दोरीवर वाढतात. वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या योजनेतनं बचत गटाच्या बायका खेकडापालन, कालवं, शिणाणे करतायत.

यातपण अडचणी आहेत, लपवत नाही. खेकडे एकमेकांना खातात, म्हणून वेगळे ठेवावे लागतात. खेकड्यालाही मासळी घालावी लागते. शिणाणे पावसाच्या आधी काढावे लागतात, खाडीत गोडं पाणी आलं की मरतात. पिल्लं लांबनं आणावी लागतात. पण एक दिवस गाडी आली नाही म्हणून रात्रीत सगळं बुडत नाही, आणि मला त्याचीच किंमत कळलीय.

मागनं दादांनी विचारलं, भांडवल किती. दादा, मी स्वतः गेल्या वर्षी एकदम मोठं काही केलं नाही. पोकळ, मऊ खेकडे स्वस्तात घ्यायचे, वेगवेगळ्या खणांत ठेवून तीन-चार आठवडे खायला घालायचं, भरले की विकायचे, एवढ्यावर सुरुवात केली. बांबू आमच्याच परसातला. परवा ओहोटी सकाळी आहे, जेट्टीच्या अलीकडे माझे खण उघडे पडतील, ज्यांना बघायचंय त्यांनी यावं. चपला काढून या, चिखल गुडघाभर आहे.