कलम ९ ची तारीख

(तालुक्याच्या बार रूममध्ये विधी सेवा समितीच्या पॅनेलवरील नव्या वकिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, अर्ज तुमच्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी केला असेल. पोरगा विशीतला, पहिलाच गुन्हा, मुद्देमाल परत मिळालेला. कोर्ट दोषी ठरवतं, पण शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतं. घरचे हात जोडतात, आपण फाईल बांधून कपाटात ठेवतो. त्या कपाटातल्या फाईलबद्दल आज मला बोलायचंय. सात-आठ महिन्यांनी तोच पोरगा पोलिसांच्या गाडीतून उतरतो. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आलेला असतो, अट मोडली म्हणून वॉरंट निघालेलं असतं, आणि कोर्टात सगळे असे वागतात, जणू आता फक्त तुरुंगाचा कागद भरायचा राहिलाय. आपला वकीलसुद्धा तसाच वागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मी पाहिलेली एक केस सांगते. नाव-गाव सांगत नाही. मुलगा वीस वर्षांचा, जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली चोरीत दोषी. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात धाडायचं तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात, हे परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ६ मध्ये आहे. म्हणून त्याला दोन वर्षांचा बाँड मिळाला. दर महिन्याला अधिकाऱ्यासमोर हजेरी, आणि परवानगीशिवाय तालुका सोडायचा नाही. हे झालं उन्हाळ्यात. दसरा झाला आणि ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी गावात आली. घरच्यांनी उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. बीडकडच्या माणसाला पुढचं सांगायला नको. कोयता घेऊन सगळं घर कारखान्याच्या फडावर गेलं. तीन हजेऱ्या चुकल्या. चौथ्या महिन्यात पोलिसांनी त्याला उसाच्या फडातून उचलून आणलं.

रिमांडच्या वेळी मी त्याला विचारलं, "बाँडमध्ये काय लिहिलं होतं, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "मॅडम, सही कुठं करायची तेवढं सांगितलं."

त्या एका वाक्यावर अर्धा बचाव उभा राहतो. अधिनियमाच्या कलम ४ चं पाचवं उपकलम काढून वाचा. देखरेखीचा आदेश करणाऱ्या कोर्टाने अटी गुन्हेगाराला समजावून सांगायच्या आहेत आणि आदेशाची एकेक प्रत लगेच त्याला, जामीनदाराला आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला द्यायची आहे. कायदा हे कोर्टाला सांगतो, पोराला नाही. म्हणून कलम ९ चं, म्हणजे बाँडची अट मोडल्याचं, प्रकरण हातात आलं की आधी मूळ केसचा रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद, बघा. अटी समजावल्याची नोंद आहे का? प्रत मिळाल्याची सही आहे का? बाँड कोणत्या भाषेत आहे? आमच्या केसमध्ये छापील फॉर्म इंग्रजीत होता, अटी हाताने भरलेल्या, आणि प्रत मिळाल्याची कुठेही पोच नव्हती. मी नक्कल काढून अर्जासोबत जोडली.

आता अहवाल. आपले वकील तो मागतच नाहीत, गोपनीय आहे असं समजतात. कलम ७ मध्ये जो अहवाल गोपनीय म्हटलाय, तो सोडण्याआधीचा, कलम ४ आणि ६ खालचा. अट मोडल्याचा अहवाल त्या शब्दांत बसत नाही. ज्या कागदावरून माणसाचं स्वातंत्र्य जाणार, तो न वाचता बाजू मांडणार कशी? लेखी अर्ज देऊन प्रत मागा. नाकारली तर नाकारल्याचा आदेश घ्या. आमच्या अहवालात एवढंच होतं की, "सदर इसम मिळून येत नाही." घरी कोण गेलं, कधी गेलं, शेजाऱ्यांना विचारलं का, फोन केला का, काही नाही. हजेरी चुकणं आणि फरार होणं यात किती अंतर आहे, ते कोर्टाला दाखवणं आपलं काम.

दाखवायचं कशाने? कागदांनी. मुलाच्या आईला मी म्हटलं, फडावरचं जे काही असेल ते आणा. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून काट्यावरच्या वजनाच्या पावत्या आणल्या, मुकादमाच्या वहीतलं पान आणलं. ज्या तारखांना तो 'मिळून येत नव्हता', त्या तारखांना तो ऊस तोडत होता, हे त्या पावत्यांतून उघड दिसत होतं. त्यातल्या एका पावतीमागे तिने गहू-तेलाचा हिशेब लिहिला होता. तीही मी तशीच दाखल केली.

जामिनाकडे वळू. कलम ९ खाली हजर केलेल्या माणसाला कोठडीत ठेवायलाच हवं असं नाही. कोर्ट जामीन देऊ शकतं, जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय. समन्स काढण्याचीही मुभा होती, वॉरंटच कशाला, हेही नम्रपणे विचारा. परजिल्ह्यातला जामीनदार चालत नाही असं कुणी म्हणालं, तर १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हातात ठेवा. एका गवंड्याचा भाऊ केवळ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता, आणि ते न्यायालयाला पटलं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ मला ज्यावर घालवायचाय ते कलम ९ चं तिसरं उपकलम. तिथे आधी शब्द आहेत सुनावणीचे. कोर्टाने प्रकरण ऐकायचं, अट मोडल्याची खात्री करून घ्यायची. म्हणजे अहवाल हा आरोप आहे, निकाल नाही. खात्री झाल्यावरही दोन वाटा आहेत. एक, मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा. दुसरी, चूक पहिलीच असेल तर ५० रुपयांपर्यंत दंड आणि बाँड तसाच चालू. होय, ५० रुपये. ही दुसरी वाट कायद्यात लिहिलेली असताना तिचा उच्चारही न करता माणसं आत गेलेली मी पाहिली आहेत. पण तो दंड ठरलेल्या मुदतीत भरलाच पाहिजे. न भरल्यास कोर्ट मूळ शिक्षेकडे वळू शकतं. त्याच दिवशी पावती करून घ्या, नातेवाइकांवर सोडू नका.

आणि पहिली वाट कोर्टाने धरलीच, तरी तुमचं बोलणं संपत नाही. परिवीक्षा देताना शिक्षा ठरलेलीच नसते, ती आता ठरणार असते. जुन्या ३७९ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. म्हणजे तिथेही कैद अटळ नाही. शिक्षेवर स्वतंत्र ऐकून घ्या असं सांगा, आधी कोठडीत गेलेले दिवस मोजून द्या. कलम १२ चीही आठवण करून द्या. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली की हे संरक्षण जातं. वीस वर्षांच्या मुलाची पुढची नोकरी त्या एका आदेशावर टांगलेली असते, हे न्यायाधीशांपुढे कुणीतरी बोललं पाहिजे.

एक सावधगिरी. सुटका परिवीक्षा अधिनियमाखाली झाली की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलमाखाली, म्हणजे आधीचं ३६० आणि आता नागरिक सुरक्षा संहितेतलं ४०१, हे मूळ आदेशात तपासा. तिथे ही ५० रुपयांची पायरी नाही.

पैशाच्या अटीबद्दल थोडं. कलम ५ खाली भरपाई भरायला सांगितली आणि ती भरता आली नाही, तर? इथे मी अमेरिकेतला एक निकाल सांगते. तो आपल्यावर बंधनकारक नाही, पण त्यातला विचार लख्ख आहे. जॉर्जिया राज्यातल्या बेअर्डन नावाच्या माणसाला ७५० डॉलर भरायचे होते. त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन २०० भरले, मग कारखान्यातली नोकरी गेली. वाचता येत नव्हतं, दुसरं काम मिळेना. राज्याने त्याला तुरुंगात टाकलं. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की, पैसे का भरले नाहीत, याची चौकशी केली का? मनापासून धडपडूनही ज्याला जमलं नाही, त्याच्यासाठी आधी दुसरे उपाय पाहायचे. हाच प्रश्न आपणही मांडू शकतो.

आमच्या मुलाला ५० रुपये दंड झाला. त्यापेक्षा महत्त्वाचं काम नंतर झालं. कलम ८ खाली बाँडच्या अटी बदलता येतात, पण अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याने करायचा असतो. म्हणून मी त्या साहेबांकडे जाऊन बसले. ऊसतोडीचा हंगाम काय असतो, उचल कशी फेडावी लागते, सगळं सांगितलं. त्यांच्या वाट्याला किती गावं होती, तेही मी ऐकून घेतलं. चांगला माणूस होता. त्यांनी अर्ज केला, कोर्टाने मुलाला आणि जामीनदार चुलत्याला ऐकून अट बदलली. हंगामात महिन्यातून एकदा फोन आणि कारखान्याचा पत्ता, परत आल्यावर प्रत्यक्ष हजेरी. या वेळी कोर्टाने प्रत्येक अट मराठीत वाचून दाखवली.

पुढच्या दसऱ्याच्या चार दिवस आधी तो माझ्या ऑफिसच्या दारात उभा होता. बाँडची प्रत घडी घालून खिशात. म्हणाला, "मॅडम, औंदा कारखाना बदललाय. सायबाला निघायच्या आधीच सांगावं लागंल ना?"