गुरुत्वमध्य सरकतो कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. घरात हातोडी असेल तर ती आडवी धरून एका बोटावर तोलून पाहा. दांड्याच्या मधोमध बोट ठेवलंत तर ती डोक्याकडे कलंडेल. बोट लोखंडाकडे सरकवत गेलात की एका जागी ती स्थिरावते. तिथेच, बोटाच्या बरोबर वर, तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जणू एकवटलेलं असतं तो बिंदू.

आता हातोडी नेमकी तिथेच कापली, तर दोन्ही तुकडे सारख्या वजनाचे भरतील? मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण लोखंडाकडचा तुकडा चांगलाच जड भरतो. तोल साधतो तो वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराचा. दांडा हलका, पण लांबवर पोचलेला.

याहून गमतीची गोष्ट भांड्याची. सरळ उभं, पातळ बुडाचं भांडं घ्या, २० सेंटिमीटर उंच, १०० ग्रॅम वजनाचं. रिकामं असताना गुरुत्वमध्य साधारण निम्म्यावर, १० सेंटिमीटरवर. काठोकाठ भरलं तरी तिथेच! मग अधल्यामधल्या वेळात तो करतो काय? पाणी तळाशी साचतं, म्हणून आधी तो खाली उतरतो, आणि पुढे पुन्हा वर चढू लागतो. वळतो कधी? विचार करा : गुरुत्वमध्याच्या खाली पडलेला प्रत्येक थेंब त्याला खाली ओढतो, वर पडलेला वर ओढतो. म्हणजे पाण्याची पातळी गुरुत्वमध्याला गाठते, तोच त्याचा सर्वांत खालचा क्षण. आपल्या भांड्यात ८०० ग्रॅम पाणी मावत असेल, तर ही गाठ ५ सेंटिमीटरवर पडते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर पडताळा : भांड्याचे १०० गुणिले १०, पाण्याचे २०० गुणिले अडीच (५ सेंटिमीटर पाण्याचा मध्य अडीचवर), बेरीज दीड हजार, भागिले एकूण ३०० ग्रॅम. उत्तर ५. पाव भरलेलं हे भांडं भरलेल्यापेक्षा आणि रिकाम्यापेक्षाही जास्त तिरकं केल्याशिवाय कलंडत नाही.

आणि हा बिंदू वस्तूच्या आतच असायला हवा, असंही नाही. बांगडीचा तर पोकळीत असतो. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरी पाठीवरून उंच उडी मारत २.२४ मीटरवर सुवर्णपदक घेऊन गेला. या उडीत कमानीसारखं वाकलेलं शरीर काठीवरून जातं, तेव्हा डोकं एका बाजूला खाली आणि पाय दुसऱ्या बाजूला. त्यामुळे खेळाडू काठीच्या वरून जात असताना त्याचा गुरुत्वमध्य खालून जाऊ शकतो.