दोन राज्यांचं पाणी आणि सोडलेले गळ

[दृश्य: टेक्सोमा तलाव, सकाळ. लाटांवर डोलणारी रंगीत नळकांडी.]

टेक्सोमा तलावावर वारा बहुतेक दिवस दक्षिणेकडून येतो. ऊन चढेपर्यंत पाणी खवळायला लागतं आणि लाटांमध्ये हातभर लांबीची रंगीत नळकांडी डोलताना दिसतात. हिरवी, निळी, गुलाबी. लांबून पाहिलं तर कुणाच्या तरी पोहण्याच्या तलावातलं सामान वाहून आलंय असंच वाटेल. बोट जवळ नेली की प्रत्येकावर नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिसते. खाली दोर, दोराला गळ आणि गळाला माशाचा तुकडा. मालक मात्र दूरवर कुठेतरी.

याला इथे जग फिशिंग म्हणतात. पूर्वी दुधाचे नाही तर ब्लीचचे रिकामे प्लास्टिकचे जग बूच लावून पाण्यात सोडत. आता त्यांची जागा फोमच्या नळकांड्यांनी घेतली, नाव तेच राहिलं. हे सगळं कॅटफिशसाठी, म्हणजे मिशा असलेल्या, बिनखवल्याच्या, तळाशी फिरणाऱ्या माशासाठी.

[दृश्य: डेनिसन धरण, वरून.]

तलाव आहे अमेरिकेत, टेक्सास आणि ओक्लाहोमा या दोन राज्यांच्या मधोमध. रेड नदी आणि वॉशिटा नदी जिथे एकत्र येतात तिथून थोडं खाली डेनिसन धरण आहे. लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेलं हे मातीचं धरण 1944 साली पूर्ण झालं. हॅगरमनसारखी गावं पाण्याखाली गेली. डॅलस शहर इथून सुमारे 120 किलोमीटरवर आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी बोटींची रीघ लागते. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो या उपनगरांत पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. कोकणात शिंगाळा खाऊन मोठी झालेली माणसं या माशाला बघून नाक मुरडत नाहीत, उलट कोकम कुठे मिळेल ते विचारतात.

दोन राज्यांची हद्द या पाण्यातूनच जाते. शेताच्या बांधावर निदान दगड तरी असतो, इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. वाऱ्याने बोट सरकली की माणूस नकळत दुसऱ्या राज्यात पोचतो. म्हणून इथे खास टेक्सोमाचा परवाना मिळतो. तो खिशात असला की तलावाच्या दोन्ही बाजूंना मासेमारी करता येते. तो नसेल तर ज्या राज्याच्या पाण्यात गळ टाकला त्या राज्याचा परवाना लागतो, आणि "आम्हाला हद्द कळली नाही" हे उत्तर गेम वॉर्डन, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम पाळले जातात का ते पाहणारा अधिकारी, ऐकून घेत नाही.

[दृश्य: बर्फाच्या पेटीत मासे; मोजपट्टी.]

आता मर्यादा. टेक्सोमावर ब्लू आणि चॅनल या दोन जातींचे मिळून दिवसाला माणशी 15 कॅटफिश ठेवता येतात. त्यात 30 इंचांहून लांब ब्लू कॅटफिश फक्त एक. फ्लॅटहेड ही तिसरी जात वेगळी मोजतात, तिचे दिवसाला 5. टेक्सासच्या इतर बहुतेक पाण्यांत ब्लू आणि चॅनल मिळून हा आकडा 25 आहे, आणि त्यातले 20 इंच किंवा त्याहून मोठे 10 पर्यंत चालतात. टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सामाईक टोलेडो बेंड तलावावर तर दिवसाला 50. म्हणजे एकाच राज्याचा माणूस या आठवड्यात पूर्वेला गेला तर 50 मासे आणू शकतो, पुढच्या आठवड्यात उत्तरेला गेला तर 15. नियम दरवर्षी तपासले जातात आणि अधूनमधून बदलतातही, म्हणून निघण्याआधी त्या वर्षीची पुस्तिका पाहायचीच.

15 च्या आकड्याबद्दल कुरकुर फारशी ऐकू येत नाही. पंधरा बरे मासे म्हणजे चार घरांचं जेवण होतं. भांडण असतं ते त्या "फक्त एक" वर.

30 इंचांचा ब्लू कॅटफिश वजनाला साधारण पाच किलो भरतो. ऐकायला फार मोठा वाटत नाही. पण हा मासा सावकाश वाढतो, आणि एवढं व्हायला त्याला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. पुढे तो किती वाढू शकतो याचं उदाहरण याच तलावात सापडलं. जानेवारी 2004 मध्ये टेक्सोमाच्या काठावरून रॉडने एक ब्लू कॅटफिश लागला, 121.5 पौंडांचा, म्हणजे 55 किलोचा. त्या वेळी तो जागतिक विक्रम होता. मासा मारला नाही. त्याला अथेन्स गावातल्या टेक्सास फ्रेशवॉटर फिशरीज सेंटरमध्ये नेलं, 'स्प्लॅश' असं नाव ठेवलं, आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं माणसं काचेपुढे उभी राहून त्याला पाहत होती. जागतिक विक्रम नंतर दुसरीकडे गेला. टेक्सासचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

असा मासा तलावात पुन्हा व्हायला हवा असेल तर दहा-बारा वर्षांचे मासे पाण्यात राहिले पाहिजेत. एकाच्या वर मिळाला की सोडून द्या, एवढंच नियम सांगतो. पण सोडायचा म्हणजे जिवंत सोडायचा हे त्यात गृहीत आहे, आणि जग फिशिंगचा खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

[दृश्य: बोटीत तयारी. हात, नळकांडं, दोर.]

जग कसा बनतो ते जवळून पाहू. फोमच्या नळकांड्याचा हातभर तुकडा कापतात. त्याच्या पोकळीत पीव्हीसीचा पाइप बसवतात, पाइपमध्ये दोन-चार नट-बोल्ट मोकळे सोडतात आणि दोन्ही टोकं बंद करतात. एका टोकाला दोर. पाण्यात टाकल्यावर नळकांडं आडवं पडून राहतं. खाली माशाने ओढ दिली की दोराकडचं टोक पाण्यात दबतं, नट-बोल्ट घरंगळत तिकडे जातात आणि नळकांडं खाडकन उभं राहतं. वरच्या टोकाला चकाकणारी पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे रात्री टॉर्च मारला तरी कुठलं उभं आहे ते लांबून कळतं.

दोराच्या खालच्या टोकाला वजन आणि त्याच्या वर थोड्या थोड्या अंतरावर गळ. एका जगाला पाचपर्यंत गळ चालतात. गळ गोल वाकवलेला, टोक आत वळलेलं. तो घशात न जाता माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. आमिषासाठी शॅड, तलावातलाच चांदीसारखा छोटा मासा. तो पहाटे पागाने, म्हणजे फेकायच्या जाळ्याने, पकडतात, त्याचे तुकडे करतात आणि गळाचं टोक उघडं राहील असा तुकडा ओवतात. टोक मांसात बुडालं तर मासा आमिष ओढून नेतो आणि गळ रिकामा वर येतो.

उन्हाळ्यात दोर लांब सोडण्यात अर्थ नसतो. तापलेलं हलकं पाणी वर राहतं, थंड पाणी खाली, आणि त्या खालच्या थरातला प्राणवायू संपत जातो. तिथे मासाच नसतो. हिवाळ्यात गोष्ट वेगळी. ब्लू कॅटफिश शॅडच्या थव्यांमागे फिरतात, आणि त्यांची सवय माहीत असलेला माणूस वाऱ्याच्या वरच्या बाजूला दहा-बारा जग सोडतो, त्यांना सपाट तळावरून वाहत जाऊ देतो आणि स्वतः बोट घेऊन मागोमाग राहतो.

मागोमाग राहतो. या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या मते हीच आहे.

[दृश्य: उभं राहिलेलं नळकांडं, बोट हळू जवळ येते.]

रॉड हातात असतो. मासा लागला की लागलीच कळतं. जगाचं तसं नाही. रात्री नऊला सोडलेल्या जगाला दहाला मासा लागला आणि मालक दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तर चौदा-पंधरा तास तो मासा त्याच दोरावर झटे देत राहतो. ओक्लाहोमाचा नियम सांगतो की दर 24 तासांत निदान एकदा जग तपासलाच पाहिजे. ही कायद्याची शेवटची हद्द झाली. गरम पाण्यात एवढा वेळ अडकलेला मोठा मासा बहुतेकदा अर्धमेला असतो. मग मालक मोजपट्टी लावतो, 32 इंच भरतात, पेटीत आधीच एक मोठा आहे, म्हणून नियमाप्रमाणे मासा पाण्यात सोडतो. मासा पोट वर करून तरंगतो. नियम पाळला गेला आणि मासाही मेला. म्हणून अनुभवी माणसं जगांपासून लांब जात नाहीत. जेवायचं असेल तर बोटीतच जेवतात, झोपायचं असेल तर सगळे जग उचलून मग काठाला लागतात.

मोजदादीचंही तसंच. ओक्लाहोमात एका माणसाला 20 जग चालतात. पण लाटा असताना वीस जगांवर नजर ठेवणं एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. सहा-आठ सोडा, सगळे डोळ्यांसमोर ठेवा. पंधरा माशांची मर्यादा त्यातही भरते, आणि भरली की उरलेले जग लगेच उचला. पंधरावा मासा पेटीत पडल्यावर पाण्यात राहिलेला प्रत्येक गळ नियमाच्या बाहेरचे मासे पकडत असतो.

जग उचलायला जाताना वाऱ्याच्या खालच्या बाजूने जायचं, म्हणजे बोट दोरावर चढत नाही. जवळ आलं की इंजिन न्यूट्रलला. दोर हाताने सावकाश ओढायचा, झटका द्यायचा नाही, आणि मासा दिसायच्या आधी खाली जाळी धरायची. कॅटफिशच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक टणक काटा असतो. तो तळहातात घुसला की दोन दिवस हात ठणकतो.

[दृश्य: मरिनाचं (बोटींच्या धक्क्याचं) तोंड, बोटींची ये-जा.]

तलाव एकट्या कॅटफिशवाल्यांचा नाही. टेक्सोमाची खरी ख्याती स्ट्राइप्ड बास या माशासाठी आहे. तो इथे आणून सोडला आणि इथेच आपोआप वाढायला लागला, असं फार थोड्या तलावांत घडतं. त्याच्या मागे फिरणारे गाइड, शिडाच्या बोटी, पाण्यावर घसरगुंडी खेळणारी मुलं, सगळी याच पाण्यावर. जगाचा दोर प्रॉपेलरला गुंडाळला गेला की बोट वाऱ्याच्या ताब्यात जाते, आणि दोराला गळ असल्यामुळे तो सोडवणाऱ्याच्या बोटांची खैर नसते. म्हणून बोटी उतरवायच्या उताराजवळ, मरिनाच्या तोंडाशी, लोक पोहतात त्या खाडीत, बोटींच्या ठरलेल्या वाटेवर जग सोडायचा नाही. यातलं काही नियमपुस्तिकेत असेल, काही नसेल. आधी आलेल्याने एखाद्या जागेवर जग सोडले असतील तर त्याच्या रांगेच्या वरच्या बाजूला आपले सोडू नयेत. वारा आपले जग त्याच्यावरच नेऊन घालतो, आणि दोरांचा गुंता सोडवण्यात दोघांची सकाळ जाते.

दुसऱ्याचं उभं राहिलेलं नळकांडं दिसलं तर हात लावायचा नाही. कितीही वेळ उभं असलं तरी. "बघावं तरी किती मोठा आहे" म्हणून दोर उचलणाऱ्यात आणि मासा काढून घेणाऱ्यात फारसं अंतर नसतं, आणि मासा काढणं ही सरळ चोरी आहे. मालक जवळपास दिसला तर हात करून सांगा. तो खूशच होतो.

[दृश्य: काठावर अडकलेलं जुनं नळकांडं, शेवाळ, दोर.]

आणि हे सगळ्यात वाईट. सोडून दिलेला जग. मालक मोजायला विसरला, वादळ आलं, घाई झाली, कारण काहीही असो. आमिष संपल्यावर गळ थांबत नाही. लहान मासा लागतो, तो मरतो, त्याला खायला कासव येतं, कासव अडकतं. 2015 च्या पुरात तलाव भरून सांडव्यावरून वाहिला. अशा वेळी पाणी झाडांत शिरतं, आणि ओसरल्यावर फांद्यांना दोर लटकत राहतात. म्हणूनच टेक्सासमध्ये नाव, पत्ता आणि तारीख असलेला टॅग तरंगत्या भागापासून सहा इंचांच्या आत बांधावा लागतो. पाण्याने न पुसल्या जाणाऱ्या पेनाने लिहा. जग सोडताना मोजा, उचलताना मोजा, एक कमी भरला तर शोधल्याशिवाय घरी जाऊ नका. एवढा कंटाळा येत असेल तर रॉड वापरा. त्यात कमीपणा काही नाही, विक्रमाचा मासा रॉडलाच लागला होता.

निघताना अजून एक काम उरतं. झेब्रा शिंपली हा बाहेरून आलेला, झपाट्याने पसरणारा जीव. 2009 साली टेक्सासमध्ये ती पहिल्यांदा सापडली ती याच तलावात. तिची पिल्लं पाण्यात डोळ्यांना दिसत नाहीत. तिच्यामुळे उत्तर टेक्सासच्या पाणीपुरवठा संस्थेला काही वर्षं इथून पाणी उचलणं बंद ठेवावं लागलं, कारण पंपाचा काही भाग ओक्लाहोमाच्या हद्दीत निघाला आणि असा जीव राज्याची हद्द ओलांडून नेणं केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरतो. तेव्हा शॅड ठेवलेल्या टाकीतलं पाणी, बोटीच्या तळाचं पाणी, सगळं इथेच ओतून टाकायचं. दोर आणि वजनं पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या तलावात न्यायची नाहीत.

टॅग नसलेले किंवा जुन्या तारखेचे जग दिसले तर ठिकाण लिहून घ्या आणि गेम वॉर्डनला कळवा. 'ऑपरेशन गेम थीफ' या नावाची फोनसेवा टेक्सासमध्येही आहे आणि ओक्लाहोमामध्येही. फोन करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगावं लागत नाही.