विहिरीत का टाकत नाही?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'काल्पनिक जगातली शापित वस्तू : रचना आणि नियम'. नियमांकडे येतोच. आधी माझं एक गाऱ्हाणं ऐका. खरं सांगायचं तर ते ऐकवायला मिळेल म्हणूनच मी बोलायला हो म्हटलं.

माझ्या एका कथेत एक मापटं आहे. लाकडी, काठ झिजलेला, एका अंगाला चीर. रिकाम्या कणगीत बुडवलं तरी शिगोशीग भरून वर येतं. कथा एका संपादकांना पाठवली. महिन्याने परत आली, समासात लाल शाईत एवढंच : 'म्हातारी हे विहिरीत का टाकत नाही?' चाळीस पानांवर एक ओळ! मीही इरेला पेटलो. दुसऱ्या खर्ड्यात टाकायला लावलं विहिरीत. तरंगलं. (हशा) हसताय काय, लाकूडच ते! तिसऱ्यात दगड बांधला, तर शेजारणीच्या पोहऱ्यातून वर आलं. चौथ्यात चुलीत घातलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपण कथा लिहीत नाही आहोत, मापट्याची विल्हेवाट लावतोय.

चूक कुठे होते? शाप म्हणजे विष, हात लावला की मेला, असं आपण धरून चालतो. मग तलवारीला लाल तेज येतं, अंगठी कुजबुजायला लागते. अशी वस्तू कोण ठेवेल घरात? स्यमंतक आठवा. रोज आठ भार सोनं देणारा मणी. तो गळ्यात घालून प्रसेन शिकारीला गेला, त्याला सिंहाने मारलं, सिंहाला जांबवंताने. आणि आळ कुणावर? कृष्णावर! ज्याने मणी अजून हातातही घेतला नव्हता, त्याला गुहेत अठ्ठावीस दिवस झुंजावं लागलं. सोनं एकाला, निस्तरणं दुसऱ्याला. गोम इथे आहे.

जाता जाता, तो होप हिरा. 45.52 कॅरट, शापाची केवढी ख्याती! आणि 1958 साली हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने तो अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाला धाडला कसा, तर रजिस्टर टपालाने. शाप बिचारा पाकिटात बसून गेला. (हशा) त्या शापाच्या गोष्टींनी हिऱ्याचं वलय वाढलंच, कमी झालं नाही. यावर मी तासभर बोलू शकतो, पण...

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. बरं.

तर नियम. पहिला : वस्तू खरोखर उपयोगी हवी, दिखाऊ नको. दुसरा : किंमत वापरणाऱ्याच्या खिशातून जाता कामा नये, आणि कुणाच्या खिशातून जाते ते त्याला उशिरा कळावं. तिसऱ्याला उदाहरणच देतो, वेळ नाही.

मापट्यातलं धान्य येतं कुठून? म्हातारीने शेवटचं ज्याचं नाव मायेने घेतलं, त्याच्या कणगीतून. तिला याचा पत्ता नाही. लेकीच्या घरी दाणा उरला नाही म्हणून ती हळहळते, तिचं नाव घेते, मापटं भरते, पदराखाली झाकून तिला नेऊन देते. दोन वर्षं हे चाललंय. एके दिवशी धान्य पाखडताना सुपात निळ्या काचेचा तुकडा निघतो. लेकीची बांगडी तिने ओळखली, कारण तिनेच ती भरली होती.

आता टाका म्हणावं विहिरीत! लेकीची कणगी केव्हाच रिकामी झाली, पेरणीचं बीसुद्धा गेलं. मापट्यात आता येतं ते नातवाच्या घरचं, कारण हल्ली ती त्याचंही नाव घेते. मापटं टाकलं तर लेकीची चूल आज संध्याकाळी विझते, ठेवलं तर नातवाची पुढच्या वर्षी. पाचव्या खर्ड्यात ती अंगणात सूप घेऊन बसलीये, आणि तिच्या तोंडून कुणाचंच नाव निघत नाही.

तोही खर्डा परत आलाय. समासात विचारलंय, ही बाई बोलत का नाही? चला, वेळ संपली.